खावटी आणि शिधा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबक आणि इगतपुरी या भागांत ‘खावटी’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. आषाढ लागला आणि डोंगरउतारावर नागलीची लावणी सुरू झाली, कीं आदिवासी कुटुंबाच्या कणगींतला दाणा तळाशीं जातो. नवें पीक हातीं येण्यास अजून तीन-चार महिने असतात. आणि शेतांतलें सर्वांत कष्टाचें काम नेमकें याच दिवसांत येतें. या रिकाम्या महिन्यांत खाण्यापुरतें धान्य उसनें आणावें, तें खाऊन शेत उभें करावें, आणि सुगीला तें व्याजासह परत घालावें, या व्यवहारास खावटी म्हणत. सावकाराच्या ओट्यावरून एक मण नागली आणली तर सुगीनंतर दीड मण घालावी लागे. ही दिढी चुकली म्हणजे पुढें जमीन, बैल, अथवा माणसाचे हातच गहाण पडत.

सावकाराच्या खावटींत जुलूम होता, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु त्या जुलमी व्यवहारांतही एक गोष्ट अशी होती कीं, जिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. नागलीच्या मुलखांत नागली मिळे, बाजरीच्या मुलखांत बाजरी मिळे. घेणाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें, तें देणाऱ्यास ठाऊक असे. पुढें सावकाराची ही जागा क्रमाक्रमानें सरकारनें घेतली. व्याज कमी झालें, गहाण सुटलें, आणि उपासमारीनें मरणाऱ्या माणसांची संख्या घटली. हा लाभ लहान नव्हे. मात्र त्याबरोबरच एक नवा प्रश्न उभा राहिला. गरिबास अन्न पुरविण्याचा भार सरकारनें उचलला, तर तें अन्न कोणतें असावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? देणाऱ्याचा, कीं खाणाऱ्याचा? नाशिक जिल्ह्याच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें सांपडतात.

नाशिक जिल्हा नकाशावर एक असला तरी ताटांत दोन आहे. पूर्वेस निफाड, येवलें, सिन्नर, नांदगांव, मालेगांव हा सपाटीचा व काळ्या मातीचा मुलूख बाजरीच्या भाकरीवर वाढला. तिच्या जोडीस मटकी, तूर, हुलगे आणि तोंडीं लावण्यास मिरचीचा ठेचा असे. या मुलखांत गहूंही उत्तम पिके. पण तो मुख्यत्वें विकण्याकरितां. घरांत पोळी व्हावयाची ती सणावारीं. पश्चिमेकडील डोंगराळ भागांत बाजरीचें राज्य संपतें. तेथें पाऊस अतोनात आणि माती पातळ. म्हणून राब भाजून नागली व वरई करावी, आणि खाचर असेल तेथें भात लावावा, अशी रीत. उडदाची डाळ आणि खुरासणीचें तेल हें त्या जेवणाचें भूषण. धान्याची ही वांटणी कोणा अधिकाऱ्यानें केलेली नव्हती. ती माती, पाऊस आणि माणसाची मेहनत यांनीं मिळून ठरविली होती.

सन १८७६ च्या पावसानें दक्षिणेंत दगा दिला. सोलापूर, कलादगी, सातारा, पुणें आणि नगर हे जिल्हे होरपळून निघाले, आणि नाशिकच्या पूर्वेकडील तालुक्यांसही त्याची झळ लागली. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. धोंड ते मनमाड या लोहमार्गाचें मातीकाम हें त्यांपैकींच एक. येवल्यावरून जाणाऱ्या या मार्गावरून आज धांवणाऱ्या गाड्या दुष्काळपीडितांनीं वाहिलेल्या मातीवरून धांवतात. १८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल दौऱ्यावर निघाले. १८७४ सालीं बिहारच्या टंचाईंत त्यांनीं ब्रह्मदेशाचा तांदूळ मुक्तहस्तानें आणून लोकांचे प्राण वांचविले होते, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका घेतला होता. या खेपेस त्यांनीं हात आंखडता घेतला. मनुष्य जगण्यास रोज एक रत्तल, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ४५० ग्रॅम, धान्य पुरे, असें त्यांनीं ठरविलें. आणि कामावरील मजुरास तेवढ्या धान्याची किंमत व वर अर्धा-एक आणा, एवढीच मजुरी देण्याचा शिरस्ता पडला.

या एका रत्तलावरून जो वाद माजला, तो हिंदुस्थानांतील सरकारी अन्नसाहाय्यावरचा पहिला मोठा वाद म्हणतां येईल. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं टेंपलसाहेबांस उघड विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास नुसतें एक रत्तल धान्य देणें म्हणजे त्याला हळूहळू मारणें होय. तुरुंगांतल्या कैद्यासही याहून अधिक मिळतें. धान्याबरोबर डाळ, भाजी, मीठ यांची जोड नसेल तर शरीर टिकत नाहीं, हेंही त्यांनीं आग्रहानें मांडलें. अखेर १८७७ सालीं मद्रास सरकारनें मजुरीचें मान वाढविलें. इकडे मुंबई इलाख्यांत मजुरांनीं स्वतःच आपलें मत नोंदविलें होतें. मजुरी कमी होतांच हजारों स्त्री-पुरुष कामें सोडून निघून गेले, आणि गणेश वासुदेव जोशी ज्या सभेचे आधारस्तंभ होते त्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. उपाशी मनुष्य मिळेल तें घेतो, ही समजूत त्या संपानें खोटी पाडली.

दुष्काळ ओसरल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं आपला अहवाल दिला, आणि त्यावरून १८८३ सालीं दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. या संहितेंत एक मार्मिक तत्त्व होतें. मजुरीचें मान धान्याच्या वजनावर ठरवावें, परंतु मजुरी द्यावी ती रोख पैशांत. धान्य महागलें तर पैसे अधिक, स्वस्त झालें तर पैसे कमी. धान्य बाजारांत आणण्याचें काम व्यापाऱ्यांनीं करावें. सरकारनें केवळ विकत घेण्याची शक्ति मजुराच्या हातीं द्यावी. म्हातारे, पंगु, निराधार अशांकरितां धर्मार्थ साहाय्याची तरतूद निराळी होती. शिजवलेलें अन्न देणारीं अन्नगृहें असत. पण पंक्तीला बसणें आणि परक्याच्या हातचें खाणें अनेकांस मरणाहून कठीण वाटे, आणि हीच अडचण अधिकाऱ्यांस खऱ्या-खोट्या गरजूंची कसोटी म्हणून उपयोगी पडे.

रोख मजुरीच्या या पद्धतींत निवड होती, यांत शंका नाहीं. संध्याकाळीं हातांत आलेल्या आण्यांतून बाजरी घ्यावी कीं ज्वारी, चिमूटभर मीठ घ्यावें कीं मूठभर डाळ, हें मजूर स्त्रीच ठरवी. परंतु ही निवड कितपत खरी होती? संहितेनें धान्याचा भाव आणि मजुरी यांची सांगड घातली होती खरी, पण भाव रोज चढे आणि मजुरीचा तक्ता मागाहून बदले. त्यांतच नेमून दिलेलें काम पुरें न झाल्यास मजुरी कापली जाई. सन १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेश-गुजरातेंत विक्रम संवतावरून ‘छप्पन्नाचा’ म्हणून ओळखला गेला. त्या साली वैरण आणि पाणी दोन्हीही आटलीं. अशा वेळीं निवडीचा अर्थ एवढाच उरे कीं, दुकानांत जें सर्वांत हलकें व सर्वांत स्वस्त, तें घ्यावें. पैशाचें स्वातंत्र्य भावाच्या संरक्षणावांचून पोकळ असतें, हा पहिला धडा या काळानें दिला.

दुसरा धडा महायुद्धानें दिला. १९४३ सालीं बंगालांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मुंबई शहरांत शिधावांटप सुरू झालें. त्याच वर्षीं नेमलेल्या अन्नधान्य-धोरण समितीनें प्रौढ माणसामागें रोज एक रत्तल धान्य हें किमान माप सुचविलें. टेंपलसाहेबांचा रत्तल असा साठ-सत्तर वर्षांनीं पुन्हां अवतरला. मात्र आतां तो एकट्या गरिबाकरितां नसून सर्वांकरितां होता. १९४६ च्या टंचाईंत तोही बारा औंसांवर, म्हणजे सुमारें ३४० ग्रॅमवर, आला. शिधापत्रिकेनें भावाची धास्ती घालविली. श्रीमंताची मोटार आणि मजुराची पिशवी एकाच रांगेंत उभी राहिली. पण रांगेच्या टोंकाशीं जें धान्य असेल तेंच पदरीं पडे. वजनाची हमी मिळाली आणि निवड गेली.

याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंत याच कोड्याचा निराळा उलगडा चालला होता. १९३९ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरांत गरीब कुटुंबांस दोन रंगांचीं तिकिटें मिळूं लागलीं. एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटें विकत घेतलीं कीं वर अर्ध्या डॉलरचीं निळीं तिकिटें फुकट मिळत. नारिंगी तिकिटांवर दुकानांतून हवें तें खाद्य घेतां येई. निळ्या तिकिटांवर मात्र सरकारनें ‘शिल्लक माल’ म्हणून जाहीर केलेलेच जिन्नस मिळत. गरिबाचें पोट भरावें, आणि शेतकऱ्याचा पडून राहिलेला मालही खपावा, असा दुहेरी हेतु त्यांत होता. अर्धी निवड खाणाऱ्याची आणि अर्धी देणाऱ्याची, असा हा स्पष्ट करार होता. ही योजना १९४३ सालीं थांबली आणि १९६१ पासून नव्या रूपानें पुन्हां आली. शिल्लक माल गरिबाच्या ताटांत घालण्याची ही कल्पना पुढें महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोंचली, ती मात्र निवडीची निम्मी बाजू वगळून.

१९५६ सालीं भारत सरकारनें अमेरिकेशीं शिल्लक धान्याच्या खरेदीचा करार केला आणि तांबडा गहूं बंदरांत उतरूं लागला. १९७२ सालीं महाराष्ट्रावर जो दुष्काळ कोसळला, त्यांत नाशिकचे पूर्व तालुकेही सांपडले. सरकारनें कामें काढलीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें ५० लाख माणसें त्या कामांवर होतीं. त्या काळच्या माणसांच्या आठवणींत दोन पदार्थ कायमचे राहिले. एक मिलो, म्हणजे अमेरिकेंतून आलेली तांबड्या दाण्याची ज्वारी, जी त्या देशांत मुख्यत्वें जनावरांस घालीत. आणि दुसरी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचें गोडसर कोरडें खाद्य, जें कामावर मजुरांस आणि मुलांस वांटलें जाई. मिलोची भाकरी थापतांना तुटे, आणि तिचा रंग व वास पांढऱ्या ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या घरांस रुचत नसे. तरीही तिनें माणसें जगविलीं. ज्यांनीं ती खाल्ली ते तिचें नांव काढतांच आधीं हंसतात आणि मग गप्प होतात. सुकडीची गोष्ट निराळी. ती मुलांस आवडे. कारण ती शिजवावी लागत नसे आणि गोड लागे. एकच सरकार, एकच दुष्काळ; पण चवीचा विचार जेथें झाला तेथें कृतज्ञता उरली, आणि जेथें झाला नाहीं तेथें सल उरला.

याच दुष्काळांतून रोजगार हमीचा कायदा उदयास आला. तो १९७७ सालीं संमत झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. दुष्काळ-संहितेंतील ‘काम द्या आणि मोबदला द्या’ हें तत्त्व आतां दयेचें न राहतां हक्काचें झालें. परंतु शिध्याच्या दुकानांतला माल वेगळ्याच कारणानें ठरत गेला. १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें. पंजाब-हरियाणांतील कालव्यांखालचा गहूं आणि तांदूळ हमी भावानें विकत घ्यावा, कोठारांत सांठवावा आणि देशभर धाडावा, असें त्याचें कार्य. जें मोठ्या प्रमाणांत विकत घेतां येतें, तेंच मोठ्या प्रमाणांत वांटतां येतें. नागली डोंगरावर तुकड्यातुकड्यानें पिकते. ती गोळा करण्यास गाडी जात नाहीं. बाजरीचें पीठ लवकर कडवट होतें. यामुळें कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय, केवळ कोठाराच्या सोयीनें, सुरगाण्याच्या ताटांत दूरच्या सपाटीवरचा गहूं येऊन पडला.

२०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें या व्यवस्थेस हक्काचें रूप दिलें. माणशीं दरमहा ५ किलो धान्य, आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो; तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो, असे दर त्यांत ठरले. महाराष्ट्रांत हा कायदा २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला, आणि २०२३ च्या जानेवारीपासून हें धान्य मोफत झालें. ५ किलो म्हणजे रोजचे सुमारें १६७ ग्रॅम. टेंपलसाहेबांच्या रत्तलाच्या हे एक-तृतीयांशाहून थोडेसेच अधिक होतात. अर्थात् तो रत्तल उपाशी माणसाचा सगळा आहार होता आणि हा शिधा घरच्या धान्यास जोड आहे, हा भेद विसरतां कामा नये. कायद्यांत भरड धान्याचें नांव होतें. पण दुकानांत बहुतेक महिने गहूं आणि तांदूळच आले, मधूनच कधीं ज्वारी, कधीं मका. २०१८ सालीं केंद्र सरकारनें भरड धान्यांस ‘पौष्टिक धान्यें’ असें नवें नांव दिलें, आणि २०२३ हें वर्ष जगभर त्यांचें वर्ष म्हणून साजरें झालें. नांव आधीं बदललें. माप मात्र त्यामागून रखडत चाललें.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत कुन्नूर येथें डॉक्टर मॅकॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांस चारून पाहिले. दूध, गव्हाची रोटी, डाळ व भाजी असलेला शीख आहार सर्वांत श्रेष्ठ ठरला, नुसत्या भातावर उभा असलेला आहार तळाशीं गेला, आणि मराठी आहार या दोहोंच्या मध्यें बसला. त्यांतून दिसलें तें असें कीं, नुसत्या वजनावरून अन्नाची परीक्षा होत नाहीं. १०० ग्रॅम नागलींत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें १० मिलिग्रॅमच्या आसपास भरतें. ज्या घरांत दूध क्वचितच येतें, त्या घरांतील गरोदर स्त्रीच्या आणि वाढत्या मुलाच्या हाडांस नागली हाच आधार होता. शिध्याचा तांदूळ आल्यावर उतारावरची लावणी, निंदणी आणि मळणी यांचे कष्ट कशास घ्यावेत, असा विचार घरानें केला तर त्यास दोष कसा द्यावा? पण त्याबरोबर पोटांत जाणारी वस्तु पालटते, ती कोणत्याही हिशेबांत लिहिली जात नाहीं.

तथापि या बाजूस एक सावधगिरीही हवी. नागलीचा गौरव करणारे पुष्कळदां स्वतः नागली खात नाहींत. डोंगरांतल्या अनेक घरांस मऊ पांढरा भात हवाहवासा वाटतो. तो लवकर शिजतो, मुलें आनंदानें खातात, आणि पाहुण्यास वाढतांना मान राहतो. त्यांनीं जुनेंच खावें, हा आग्रह धरणाराही टेंपलसाहेबांच्याच पंगतीस बसतो; कारण तोही खाणाऱ्याच्या ऐवजीं आपणच ठरवितो. तक्रार तांदूळ मिळण्याची नाहीं. दुसरें कांहीं मागण्याची सोय नसण्याची आहे.

ही सोय अंशतः कां होईना, पण ठेवण्याचा प्रयत्न ज्या एका योजनेंत झाला, तिचें मूळ नाशिकांतच आहे. १९७२ सालीं स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाचें मुख्य कार्यालय नाशिक शहरांत आहे. १९७६ च्या कायद्यानें आदिवासींचा माल खरेदी करण्याचें काम या महामंडळाकडे आलें, आणि पावसाळ्यांतील उपासमार टाळण्याकरितां खावटी कर्जही त्याच्यामार्फत दिलें जाऊं लागलें. सावकाराचा जुना शब्द सरकारनें जसाचा तसा उचलला, हें अर्थपूर्ण होतें. या कर्जाचा कांहीं भाग रोख आणि कांहीं भाग वस्तूंच्या रूपानें असे. पुढें कर्ज थकत गेलें आणि योजना खंडित झाली. महामारीच्या वर्षीं, २०२० च्या सप्टेंबरांत, सरकारनें ती कर्जाऐवजीं अनुदान म्हणून पुन्हां जाहीर केली. प्रत्येक कुटुंबास ४००० रुपये. त्यांपैकीं २००० बँकेच्या खात्यांत आणि २००० च्या वस्तू. राज्यांतील सुमारें ११ लाख ५५ हजार कुटुंबांकरितां ती होती. वस्तूंमध्यें मटकी, चवळी, हरभरा, तूर व उडीद यांच्या डाळी, साखर, शेंगदाण्याचें तेल, मिरची, मीठ आणि चहा यांचा समावेश होता.

या निम्म्या-निम्म्या वांटणीवर जो वाद झाला, त्यांत १८७७ चा आवाज पुन्हां ऐकूं येतो. वस्तूंच्या बाजूनें बोलणारे म्हणत, रोख पैसा उधारींत, दारूंत किंवा औषधपाण्यांत जाईल. डाळ-तेल मात्र मुलांच्या ताटांत पडेल. रोख रकमेच्या बाजूनें बोलणारे म्हणत, खरेदी, बांधणी आणि वाहतूक यांत वेळ जातो. खावटी पावसाळ्यांत हवी असते, आणि उशिरा आलेली डाळ ही खावटीच नव्हे. आदिवासी स्त्रीला आपल्या घरांत काय कमी आहे, तें मंत्रालयाहून अधिक कळतें. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. २०२३ पासून मराठवाडा-विदर्भांतील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांस धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये देण्याचें ठरलें, तेव्हां याच वादाची दुसरी बाजू उघडी पडली. ५ किलोचे १५० रुपये म्हणजे किलोमागें ३० रुपये. भाव तिशीच्या वर गेला कीं पैशाचें माप आपोआप खोटें होतें. धान्याचें माप तसें होत नाहीं.

निवडीचा तिसरा मार्ग म्हणजे स्वयंपाकघर. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें अन्नाच्या हक्काचें प्रकरण चाललें, आणि त्या वर्षीं २८ नोव्हेंबरास न्यायालयानें शाळांत कच्चें धान्य न देतां शिजवलेलें जेवण द्यावें, असा आदेश दिला. २००४ सालीं अंगणवाडीच्या आहारांतून ठेकेदारांस दूर ठेवावें, आणि तें काम गांवच्या मंडळांकडे द्यावें, असेंही सांगितलें. या विचाराचें फळ म्हणजे २०१५ सालीं आदिवासी क्षेत्रांत सुरू झालेली अब्दुल कलाम अमृत आहार योजना. सुरगाणा, पेठ, कळवण आणि त्र्यंबकच्या अंगणवाड्यांत गरोदर व बाळंत स्त्रियांस एक वेळचें चौरस जेवण मिळूं लागलें: भाकरी अथवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि उकडलेलें अंडें, अंडें चालत नसेल तर केळें किंवा नाचणीचा शिरा. पुढच्या वर्षीं लहान मुलांसही अंडीं अथवा केळीं देण्यास आरंभ झाला. ‘अथवा’ हा शब्द लहान, पण सरकारी योजनेच्या मजकुरांत त्यानें मोठें स्थान मिळविलें. जेथें गांवच्या बायका स्वतः बाजार करतात, तेथें भाकरी कोणत्या पिठाची हें आसपासच्या शेतावरून ठरतें, कोठारावरून नव्हे. १८८० च्या आयोगास शिजवलेलें अन्न ही गरजूंची कसोटी वाटली होती. येथें तेंच अन्न शेजारणीच्या हातून आलें आणि पंक्तीची लाज ओसरली.

दीडशें वर्षांच्या या प्रवासांत श्रोत्यांच्या ध्यानांत राहावें असें तत्त्व फार गुंतागुंतीचें नाहीं. अन्नसाहाय्यास वजनाची हमी हवी. नाहीं तर तें कॉर्निशसाहेबांनीं म्हटल्याप्रमाणें हळूहळू मारणें होतें. त्यास भावाची हमी हवी. नाहीं तर छप्पन्नाच्या सालाप्रमाणें हातांतला पैसा विरघळून जातो. आणि त्यास निवडीची हमी हवी. नाहीं तर मिलोप्रमाणें तें पोट भरतें आणि मन दुखवितें. पहिल्या दोन हमी देण्यास सरकारला मोठें कोठार आणि मोठी तिजोरी लागते. तिसरी देण्यास त्याहून स्वस्त पण दुर्मिळ अशी एक वस्तु लागते: आधीं विचारण्याची संवय. नागली पिकविणाऱ्या तालुक्यांत नागली हमी भावानें घेऊन तेथल्याच दुकानांत ठेवावी. ज्यास तांदूळ हवा त्यानें तांदूळ घ्यावा, ज्यास नागली हवी त्यानें नागली घ्यावी. यांत नवें असें कांहीं नाहीं. सावकारही हेंच करीत असे. उणें करावयाची ती त्याची दिढी.

आषाढांत सह्याद्रीवर पाऊस कोसळूं लागला कीं डोंगरांतली गृहिणी आजही कणगींत हात घालून तळाचा अंदाज घेते. त्या हाताला किती दाणे लागतात, हें मोजण्यास सरकार शिकलें आहे. ते दाणे कोणते असावेत, हें तिला विचारण्याचें काम अजून पुरें झालेलें नाहीं.